गडद

दिवाळी सरली की धानावरचे तुडतुडे
गावात उजेड धुंडाळत येतात.
खांबावरचा दिवा आम्ही आठलाच मालवतो,
भजेवाला कढईवर झाकण ठेवून घरी जातो,
मग सगळ्या शिवारात उजेड उरतो एकच,
माझा. सतरा इंची.
धान खरेदी केंद्र, मोहटोला, खिडकी क्रमांक एक.

हिरवे, कणीएवढे,
पडद्यावर चढून ते शासकीय कामात ढवळाढवळ करतात.
काल कवडू निकुरेंच्या चाळीस क्विंटलांत
एक जण दशांश चिन्ह होऊन बसला.
मी चार पूर्णांक शून्य असं मोठ्यानं वाचलं.
कवडूभाऊंचा चेहरा बघून चिन्ह बोटानं उडवलं,
तेव्हा कुठे त्यांचं धान परत आलं.
परवा भागरताबाईंच्या नावावर अनुस्वार.
भांगरता! रांगेतल्या पोरांनी दिवसभर तेच धरलं.

पुतण्या नागपुरात शिकतो, डिलेश.
म्हणाला, काकू, थीम गडद कर.
किड्यांचं माहीत नाही, डोळे तरी वाचतील.

सेटिंग्ज. वैयक्तिकीकरण. रंग.
दोन चौकोन होते, मी दुसरा दाबला.
खालची पट्टी काळी झाली, कडा काळ्या,
घड्याळाचे आकडे तेवढे पांढरे, सव्वानऊ.
पोर्टल मात्र उघडलं ते नीळ दिलेल्या धोतरासारखं,
त्याला आमची वर्दीच गेली नव्हती.
सगळे तुडतुडे आता त्या एका धोतरावर.
पुन्हा फोन.
त्याला वेगळं सांगावं लागते, काकू.
वेगळं सांगितलं.
सातबारा, आधार, बँकेचं पासबुक, बारदाना
एकामागून एक काळ्यात उतरले.

दुर्योधनमामा दारात आले, रात्रीचे चौकीदार.
"मशीन इझली का बाई?"
नाही मामा, काळी केली.
"काहून?"
तुडतुड्यांसाठी.
मामांनी थोडा विचार केला.
"मंग त्याइले सांगतलं का?"

गेले ते. सगळे नाही,
पाच-सहा प्रिंटरच्या हिरव्या टिकलीशी जाऊन बसले,
रंग जुळला असावा.

मी नोंदी करत राहिले. एकशे बारा, एकशे तेरा.
डोळे हळूहळू बसले,
तेव्हा लक्षात आलं, खिडकी आहे.
अकरा महिने रात्रीची खिडकी म्हणजे
माझा चष्मा आणि पाठीमागचं लोखंडी कपाट,
एवढंच मला ठाऊक होतं.
आता तिथं ताडपत्रीखालचे ढीग होते,
ढिगांपलीकडे बांध,
बांधावरून चाललेली माणसं, खांद्यावर घोंगड्या,
झोपलेलं एक मूल कुणाच्या तरी पाठीवर.
मंडईचं नाटक होतं शेजारच्या गावी.
शामियान्याचा उजेड शेताच्या टोकाला थरथरत होता,
पेटी ऐकू येत होती, शब्द नाही.

मामा बाहेर पोती मोजत होते, हात लावून लावून.
बॅटरी काखेत, बंद.
पेटवत काहून नाही?
"पेटवली का तेवढंच दिसते."
आणि मोजणी चुकली म्हणून
पुन्हा पहिल्या पोत्यापासून सुरू झाले,
मला शिव्या देत, हळू आवाजात.

सकाळी ऊन थेट पडद्यावर.
काळ्यात काहीच दिसेना, दिसलं ते छत आणि पंखा.
भागरताबाई जाळीशी कपाळ टेकून उभ्या,
डोळ्यांवर हाताची सावली धरून.
"माहं नाव कुठी आहे?"
आहे बाई, आतच आहे.
"मंग अंधारात काहून टाकलं?"

सेटिंग्ज. रंग. पहिला चौकोन.
नाव आलं,
लख्ख, अनुस्वाराशिवाय.
त्यांनी ते वाचलं नाही, त्यांना वाचता येत नाही.
लांबी ओळखीची होती त्यांच्या.
मान हलवली, अंगठा पुढे केला.

कळफलकावरून मेलेले तुडतुडे फुंकून टाकले.
ढ खाली एक अडकला आहे,
ढीग लिहिताना जोर द्यावा लागतो.
सहाला गडद करायचं,
विसरू नये म्हणून हातावर लिहिलं आहे, पेनानं.